तीन यंत्रें आणि दहा राग

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या मुलुखाला झाडीपट्टी असें म्हणतात. धानाची कापणी उरकली आणि दिवाळी सरली, कीं या मुलुखांत गांवोगांवीं नाटकांचे मंडप उभे राहतात. कोठें मंडईचें निमित्त असतें, कोठें शंकरपटाचें. आणि जमलेला समाज थंडी अंगावर घेऊन पहाटेपर्यंत नाटक पाहत बसतो. या रंगभूमीचें संगीत पूर्वीं ऑर्गन, तबला आणि क्लॅरिनेट यांवर चाले. अलीकडच्या काळांत त्यांच्या जोडीला विजेवर चालणारें कळफलकाचें वाद्य, ज्याला लोक सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात, आणि काठ्यांनीं वाजवावयाचा ‘ऑक्टोपॅड’ हीं दोन नवीं वाद्यें येऊन बसलीं आहेत.

या मंडपांतील वादकाला एक चिंता कधींच करावी लागत नाहीं. ती म्हणजे आपलें संगीत पुरें केव्हां झालें, ही. नटानें पद लांबविलें तर तो साथ लांबवितो, प्रेक्षकांनीं पुन्हां मागितलें तर पुन्हां वाजवितो, आणि नट थांबला कीं तोही थांबतो. शेवट कोठें करावयाचा, हें समोरचा माणूस ठरवितो. परंतु अशींच विजेचीं वाद्यें जेव्हां एकट्या माणसाच्या हातीं येतात, आणि त्यांवर स्वतंत्र रचना करून ती तबकडीवर उतरवावयाची असते, तेव्हां सारा प्रकार उलटा होतो. गवयाचा दम सरतो, तबलजीचा हात थकतो, तंबोऱ्याची तार उतरते. यंत्र मात्र वीज आहे तोंवर तेंच आवर्तन तितक्याच उत्साहानें फिरवीत राहतें. ‘आतां पुरे’ असें तें कधींच म्हणत नाहीं. तें माणसालाच म्हणावें लागतें, आणि तेंच त्याला सर्वांत जड जातें.

ऑक्टोपॅड हें वाद्य जपानांतील रोलंड या कंपनीनें १९८५ सालीं काढलें. त्याच्या तीन वर्षें आधीं याच कंपनीचीं तीन यंत्रें मुंबईंतील एका वादकानें एकत्र जोडलीं, दहा राग निवडले, आणि दोन दिवसांच्या ध्वनिमुद्रणांत दहाही रचना पुऱ्या करून तबकडीसाठीं दिल्या. या वादकाचें नांव चरणजित सिंग. न थकणाऱ्या यंत्राला शेवट कसा लावावा, या प्रश्नाचें एक स्वच्छ उत्तर त्यांच्या या कामांत आहे, म्हणून त्याची हकीकत लक्षांत घेण्याजोगी आहे.

यंत्राच्या मर्यादेंत राग बसविण्याचा प्रसंग आपल्या संगीतावर १९८२ सालीं प्रथमच आला, असें मात्र नव्हे. १९०२ सालीं कलकत्त्यास फ्रेड गैसबर्ग यांनीं गौहरजान हिचें गाणें तबकडीवर घेतलें, तेव्हांपासून ही ओढाताण सुरू झाली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटें मावत. रात्र रात्र चालणाऱ्या गाण्याला हा चिमटा लहान नव्हता. पुष्कळ बुजुर्गांनीं तबकडीकडे पाठच फिरविली. परंतु मिरजेस येऊन राहिलेले खांसाहेब अब्दुल करीम खां यांच्या १९३० नंतरच्या तबकड्या ऐकल्या म्हणजे निराळीच गोष्ट ध्यानीं येते. गाणें तीन मिनिटांत संपतें, पण तें मध्येंच तुटल्यासारखें वाटत नाहीं. रागाचा सगळा विस्तार त्यांत नाहीं, हें उघड आहे. परंतु जेवढें सांगावयाचें तेवढें आधीं ठरवून सांगितलेलें आहे. तीन मिनिटांच्या अटीनें खांसाहेबांचा राग खुजा केला नाहीं. त्यांतील काय ठेवावयाचें आणि काय सोडावयाचें याचा निर्णय मात्र गाण्यापूर्वीं करावयास लाविला.

दुसरी अडचण वेळेची नव्हती, स्वराची होती. पट्टी दाबली कीं ठरलेला एकच स्वर निघावा, अशी ज्या वाद्याची घडण, त्यावर आपल्या श्रुति कशा वाजाव्या, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड कशी निघावी, हा वाद महाराष्ट्रांत फार जुना आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. क्लेमंट्स नांवाच्या इंग्रज न्यायाधीशानें त्या विचाराचा पुरस्कार केला, आणि श्रुतींसाठीं अधिक स्वर असलेली हार्मोनियमही तयार करविण्यांत आली. पुढें १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला आपल्या केंद्रांवरून रजाच दिली, आणि ती बंदी १९७१ सालापर्यंत टिकली. बंदी घालणाऱ्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. पेटीवर मींड निघत नाहीं, हें पेटी वाजविणाराही कबूल करील. पण संगीत रंगभूमीनें ऑर्गन सोडला नाहीं, आणि कीर्तनकारानें पेटी सोडली नाहीं. स्थिर स्वराच्या वाद्यावर राग वाजवितांना काय गमावतें आणि काय उरतें, याचा हिशेब मराठी कानाला या वादामुळें चांगला ठाऊक झाला.

तिसरी तयारी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं करून ठेविली. मुंबईंतील वाळकेश्वर येथें १८६० सालीं जन्मलेल्या या वकिलानें देशभर फिरून घराण्यांच्या तोंडीं असलेल्या चिजा गोळा केल्या, त्या स्वरलिपींत उतरविल्या, आणि रागांची दहा थाटांत व्यवस्था लाविली. राग म्हणजे केवळ सूर नव्हेत, हें त्यांना इतरांपेक्षां अधिक ठाऊक होतें. तथापि प्रत्येक रागाचे आरोह, अवरोह, वादी, संवादी आणि वर्ज्य स्वर कागदावर मांडतां येतात, हें त्यांच्या पुस्तकांनीं घरोघरीं पोंचविलें. जें कागदावर मांडतां येतें, तें एके दिवशीं यंत्रालाही सांगतां येईल, ही गोष्ट त्यांच्या हयातींत कोणाच्या स्वप्नींही नव्हती.

हिंदुस्थानांत विजेच्या ध्वनीवर स्वतंत्र रचना करण्याचा पहिला संघटित प्रयत्न मुंबईंत नव्हे, तर अहमदाबादेस झाला. तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत १९६९ सालीं अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीनें मूग सिंथेसायझर आणि ध्वनिमुद्रणाच्या फिती असलेला एक स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनीं तेथें रचना केल्या. हें काम सुमारें १९७२ पर्यंत चाललें. तेथील ध्वनिफिती संस्थेंत पडून राहिल्या, आणि त्यांतील निवडक भाग २०२३ सालीं लोकांसमोर आला. तो प्रयोगशाळेंतील अभ्यास होता. बाजारांत विकावयाची तबकडी करून देण्याचें बंधन त्या मंडळींवर नव्हतें.

चरणजित सिंग यांची जडणघडण अगदीं निराळी. ते मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे वादक होते. गिटार, बास गिटार, कळफलकाचीं वाद्यें, सारींच त्यांच्या हातचीं. १९७१ सालच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ या चित्रपटांतील ‘दम मारो दम’ या गाण्यांत अकॉर्डियनसारखें गळ्यांत अडकवून वाजवावयाचें ट्रान्झिकॉर्ड नांवाचें विजेचें वाद्य वाजतें, तें त्यांचेंच. चित्रपटांचें काम नसेल तेव्हां ते स्वतःचा वाद्यवृंद घेऊन लग्नसमारंभांत वाजवीत, आणि गाजलेल्या गाण्यांच्या केवळ वाद्यांवर वाजविलेल्या तबकड्या काढीत.

त्या काळच्या चित्रपट-ध्वनिमुद्रणाची शिस्त समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळणार नाहीं. पन्नास-साठ वादक, गायक आणि कोरस एकाच दालनांत बसत. संयोजकानें कागदावर उतरविलेले सुर प्रत्येकाच्या पुढें असत. तालीम होई, आणि मग सगळें गाणें आरंभापासून अखेरपर्यंत एकदम वाजविलें जाई. एका व्हायोलिनवाल्याचा गज चुकला तरी सर्वांना पुन्हां पहिल्या मात्रेपासून आरंभ करावा लागे. म्हणून काय वाजवावयाचें याचा विचार लाल दिवा लागण्यापूर्वीं संपलेला असे. दिवा लागल्यावर उरे तें फक्त वाजविणें. वर्षानुवर्षें या शिस्तींत मुरलेल्या माणसाच्या हातीं जेव्हां नवीं यंत्रें आलीं, तेव्हां तो त्यांच्यापुढें गोंधळून गेला नाहीं, याचें कारण येथें आहे.

चरणजित सिंग यांनीं सिंगापुरांतून आणलेलीं तीन यंत्रें अशीं होतीं. पहिलें टीआर-८०८ हें तालयंत्र. रोलंडनें तें १९८० सालीं काढलें आणि १९८३ सालीं बंद केलें. एवढ्या काळांत त्याचे सुमारें बारा हजार नग तयार झाले. त्यांत खऱ्या ढोलाचा आवाज सांठविलेला नव्हता. विजेच्या मंडलांतूनच धप्प, टक्क, छन्न असे आवाज निर्माण होत. खऱ्या वाद्यांचे मुद्रित आवाज असलेलें लिन नांवाचें अमेरिकन तालयंत्र त्याच सुमारास निघालें होतें, पण तें कितीतरी महाग होतें. आणि त्याच्या मानानें हें कृत्रिम वाटतें म्हणून पुष्कळांनीं ८०८ची थट्टा केली. त्याच्या दर्शनीं भागावर एका ओळींत सोळा कळा आहेत. ज्या खणावर ठोका हवा, ती कळ दाबावयाची. मग उजेड डावीकडून उजवीकडे धांवत जातो आणि ठोके आपापल्या जागीं पडतात.

दुसरें टीबी-३०३. तें एकावेळीं एकच खर्जाचा सुर काढतें. सोबतीला बास वाजविणारा नसलेल्या गिटारवाल्याला घरीं सराव करतां यावा, म्हणून तें १९८१ सालच्या सुमारास केलें गेलें. पण त्यांत सुर भरणें मोठें किचकट. प्रथम सगळे स्वर एकामागून एक द्यावयाचे; मग पुन्हां आरंभास येऊन प्रत्येक स्वर किती वेळ टिकावयाचा आणि कोठें विराम, हें निराळें द्यावयाचें. एकांत चूक झाली कीं दुसरें सरकतें. खऱ्या बास गिटारसारखा आवाजही त्यांतून निघेना. १९८४ सालीं कंपनीनें तें बंद केलें, तोंवर सुमारें दहा हजारच नग निघाले होते. आणखी एक गोष्ट: दिलेले सुर यंत्राच्या स्मरणांत टिकत ते बॅटरीच्या बळावर. बॅटरी उतरली कीं केलेलें सारें काम नाहींसें होई.

तिसरें ज्युपिटर-८. हा १९८१ सालचा मोठा सिंथेसायझर. एकावेळीं आठ सुर काढणारा, पांच सप्तकांचा, आणि कळांनीं ध्वनीचा रंग पालटणारा. या तिघांना एका चालीनें चालविणें ही खरी गोम होती. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशीं बोलतां यावें, अशी ‘मिडी’ ही सर्वमान्य योजना १९८३ सालीं आली. १९८२ सालीं ती नव्हती. परंतु रोलंडच्या यंत्रांत आपसांतली एक जुनी सोय होती. ८०८ मधून एक तार ३०३ कडे नेली, कीं दर मात्रेस चोवीस सूक्ष्म ठोके त्या तारेंतून जात, आणि त्यामुळें दोन्ही यंत्रें एकाच लयींत, पाऊलभरही मागेंपुढें न होतां चालत.

त्या सुमारास हिंदी चित्रपटांत डिस्कोची लाट आली होती. १९८० सालच्या ‘कुर्बानी’तील नाझिया हसनच्या गाण्यानें ती घरोघरीं नेली, आणि १९८२च्या अखेरीस आलेल्या ‘डिस्को डान्सर’नें तिच्यावर कळस चढविला. चरणजित सिंग यांनीं विचार केला तो असा, कीं डिस्कोचा ठेका सर्वत्र आहेच, तर तबला बाजूस ठेवून त्या ठेक्यावर शुद्ध राग वाजवून पाहावे. त्यांनीं घरीं यंत्रांशीं खटपट केली, सराव केला, आणि मग एचएमव्हीच्या स्टुडिओंत जाऊन दोन दिवसांत सगळें मुद्रित केलें. तबकडीचें नांव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’. पहिल्या बाजूवर भैरवी, ललित, भूपाळी, तोडी आणि मधुवंती. दुसरीवर मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. दर राग सुमारें पांच मिनिटांचा.

या कामाकडे नीट पाहिलें म्हणजे न संपणाऱ्या यंत्राला शेवट कोठून मिळाला, हें कळतें. पहिला शेवट मिळाला तो रागाकडून. भूपाळींत मध्यम आणि निषाद नाहींत. मालकंसांत ऋषभ आणि पंचम नाहींत. कलावती आणि बैरागी हेही पांच स्वरांचेच. ललितांत पंचम वर्ज्य, पण दोन मध्यम. ३०३ मध्यें कोणताही स्वर भरतां येतो. कोणता भरावयाचा नाहीं, हें यंत्र सांगत नाहीं. तें सांगतो राग. ज्याच्यापुढें सप्तकांतले बाराही स्वर मोकळे आहेत, तो दिवसभर निरनिराळे सुर लावून पाहत बसेल. ज्यानें मालकंस घेतला, त्याच्या निम्म्याहून अधिक शंका वाद्याला हात लावण्यापूर्वीं मिटतात.

दुसरी मर्यादा तालाची. ८०८च्या सोळा कळा आणि तीनतालाच्या सोळा मात्रा यांची संख्या जुळते, ही गंमतीची गोष्ट आहे. पण साम्य तेथेंच संपतें. तीनतालाला सम आहे, नवव्या मात्रेवर खाली आहे, आणि खालीवर डग्ग्याचा घुमारा थांबतो, म्हणून गवयाला न मोजतांही आपण कोठें आहों हें कळतें. यंत्राच्या सोळा खणांत खाली नाहीं. डिस्कोचा पायठोका दर चौथ्या खणावर सारख्याच वजनानें पडत राहतो. ही उणीव खरी, आणि ती लपविण्याचा प्रयत्न या तबकडींत केलेला नाहीं. तबला बाजूस ठेवावयाचा, असें ठरलें तें पहिल्याच पायरीवर. मग यंत्राकडून तबल्याची अपेक्षा करण्यांत वेळ दवडण्याचें कारण उरलें नाहीं.

तिसरी गोष्ट मींडेची. ज्या कारणासाठीं हार्मोनियमला तीस वर्षें आकाशवाणीबाहेर बसावें लागलें, त्या उणिवेवर या लहानशा ३०३ मध्यें अनपेक्षित तोड होती. एखाद्या स्वराला ‘स्लाइड’ची खूण केली, कीं तो स्वर तुटत नाहीं, घसरत जाऊन पुढच्यास मिळतो. गवयाच्या गळ्यांतील मींड ती नव्हे. तिचा वेग ठरलेला, तिच्यांत श्रुतींचे थांबे नाहींत. परंतु पट्टीच्या वाद्याला जें मुळींच साधत नव्हतें, त्याची सांवली तरी या यंत्रांत सांपडली. या तबकडीवरील खर्जाचे सुर वळवळत, ओघळत जातात तेव्हां ऐकणाऱ्याला तें परकें वाटत नाहीं, याचें कारण हेंच असावें.

चौथी मर्यादा तबकडीची. लांब चालणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटें मावतात. पांच राग बसवावयाचे तर प्रत्येकाच्या वांट्याला पांच मिनिटें येतात. हा भागाकार आधींच झालेला होता. ठेका आणि खर्ज यंत्रांवर सोंपवून वादकानें आपला हात रागाच्या चलनासाठीं मोकळा ठेविला. जें पुन्हां पुन्हां तसेंच यावयाचें तें यंत्राकडे, आणि जें क्षणाक्षणाला ठरावयाचें तें हाताकडे, अशी ती वांटणी होती. पांच मिनिटें झालीं कीं राग संपला. दुसऱ्या रागाची तयारी.

एका गोष्टीनें मात्र जाणकार दचकेल. मैफलींत भैरवी ही शेवटीं गावयाची. भैरवी झाली म्हणजे तंबोरे उतरावयाचे, असा आपला संकेत. या तबकडीचा आरंभच भैरवीनें होतो. पहांटेचा ललित तिच्या मागून येतो, आणि रात्रीचा मालकंस दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडे. रागांच्या वेळांचें बंधन तबकडीला नसतें, ती कोणीही केव्हांही लावतो. हें खरें असलें, तरी मैफलीचा शेवट तबकडीच्या तोंडीं बसविणें यांत जुन्या रीतीला दिलेला धक्का आहेच. रागांच्या आंतला नियम त्यांनीं ठेविला, बाहेरचा सोडला. आपल्या कामाला कोणतें बंधन उपयोगी आणि कोणतें नाहीं, एवढा विवेक त्यांत दिसतो.

तबकडी निघाली, आणि ती चालली नाहीं. चित्रपटाच्या गाण्यांची वाद्यावरची नक्कल घेणाऱ्याला तींत ओळखीचें गाणें मिळेना. शास्त्रीय संगीताच्या शौकिनाला तिचा ठेका सोसेना. चरणजित सिंग आपल्या कामाला लागले, आणि तबकडी जुन्या मालाच्या दुकानांत गेली.

इकडे समुद्रापलीकडे निराळीच घटना घडत होती. कोणी घेत नाहीं म्हणून ३०३ हें यंत्र अमेरिकेंत जुन्या बाजारांत स्वस्तांत मिळूं लागलें. शिकागो शहरांतील फ्यूचर या नांवाच्या तिघा तरुणांनीं त्याच्या फिल्टरच्या कळा वाजवितां वाजवितां फिरविल्या, आणि त्यांतून निघालेल्या करकरीत, वळवळणाऱ्या आवाजावर एक लांबलचक नृत्यसंगीत रचलें. ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही त्यांची तबकडी १९८७ सालीं निघाली, आणि तिच्यापासून अ‍ॅसिड हाउस नांवाचा संगीतप्रकार युरोपभर पसरला. ज्या यंत्राला कंपनीनें निकामी ठरविलें, त्याला मोठा मान आला. मुंबईंत तेंच यंत्र, तशाच ठेक्यासह, पांच वर्षें आधीं वाजून गेलें होतें, ही वार्ता त्या जगाला नव्हती.

२००२ सालीं एडो बाऊमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानांत ही तबकडी सांपडली. २०१० सालीं त्यानें ती पुन्हां प्रसिद्ध केली, तेव्हां युरोपांतील कित्येकांचा प्रथम विश्वासच बसेना. ही कोणा आधुनिक संगीतकारानें केलेली लबाडी असावी, अशी शंकाही निघाली. ती मिटली तेव्हां चरणजित सिंग यांना परदेशांतून बोलावणीं येऊं लागलीं, आणि सत्तरीच्या घरांतला हा वादक युरोपच्या रंगमंचांवर तरुणांपुढें तेच राग वाजविता झाला. जुलै २०१५ मध्यें मुंबईंत त्यांचें निधन झालें.

अ‍ॅसिड हाउसचा जनक कोण, मुंबईचा वादक कीं शिकागोचे तरुण, अशी चर्चा नंतर पुष्कळ झाली. ती फारशी फलदायी नाहीं. मुंबईची तबकडी शिकागोस ऐकली गेली नव्हती. दोन्ही ठिकाणीं यंत्र एक होतें आणि हेतु दोन होते. शिकागोच्या तरुणांना नाचणाऱ्यांचे पाय थांबूं द्यावयाचे नव्हते, म्हणून त्यांनीं आवर्तन लांबवीत नेलें. मुंबईच्या वादकाला राग सांगावयाचा होता, म्हणून त्यानें तें पांच मिनिटांत मिटविलें. पहिलेपणाच्या मानापेक्षां महत्त्वाची गोष्ट ही, कीं अठ्ठावीस वर्षांनंतर पुन्हां छापण्याजोगें कांहीं शिल्लक होतें. यंत्राच्या स्मरणांत ठेवलेलें बॅटरीबरोबर जातें. घरच्या सरावांत वाजविलेलें हवेंत विरतें. जें पुरें होऊन तबकडीवर उतरलें, तेवढेंच दुकानाच्या फळीवर धूळ खात कां होईना, पण वाट पाहूं शकलें.

आज संगणकामुळें ही सगळी यंत्रें एका पडद्यावर आलीं आहेत. भंडाऱ्याच्या किंवा तुमसरच्या एखाद्या घरांत बसलेल्या तरुणाला शेंकडों ताल आणि हजारों आवाज हाताशीं आहेत, चूक पुसतां येते, काल केलेलें आज पालटतां येतें. १९८२ सालच्या मुंबईकराला यांतलें कांहींच नव्हतें. तथापि अर्धवट राहिलेल्या रचनांचे ढीगही आज जितके सांचतात तितके पूर्वीं सांचत नव्हते. कारण जेथें कांहींही केव्हांही बदलतां येतें, तेथें ‘आतां झालें’ असें म्हणण्याची वेळच येत नाहीं. म्हणूनच हल्लीं कित्येक संगीतकार पडदा मिटवून पुन्हां खऱ्या कळांच्या, मोजकें येणाऱ्या यंत्रांकडे वळतात. पण केवळ यंत्र जुनें घेतल्यानें काम पुरें होत नाहीं. ८०८ चा ठेकाही रात्रभर फिरत ठेवतां येतो.

चरणजित सिंग यांची रीत पाहिली तर ती थोडक्यांत अशी होती: साधनें तीनच घेतलीं, नियम आधीं निवडला, लांबी आधीं ठरविली, यंत्रानें करावयाचें आणि हातानें करावयाचें यांची वांटणी केली, सराव घरीं संपविला, आणि मुद्रणाच्या जागीं जाऊन वाजविलें. तींत खाली नव्हती, खरी मींड नव्हती, आणि श्रुतींचा सूक्ष्म विचारही नव्हता. या उणिवा दूर होईपर्यंत ते थांबले असते, तर दहांपैकीं एकही राग आज ऐकावयास मिळाला नसता. त्यांनीं त्या उणिवांसह दहाही राग पुरे केले, आणि तबकडी लोकांच्या स्वाधीन केली. लोकांनीं ती ऐकण्यास अठ्ठावीस वर्षें लाविलीं, हा दोष त्या कामाचा नव्हे.